औषधाला डोळे नसतात, मग गहू वाचतो कसा?

प्रश्न : मी दाभोसा गावचा (ता. जव्हार, जि. पालघर). दिवाळीनंतर आमच्याकडची बरीच माणसं नाशिककडे कामाला जातात. मीही यंदा निफाड भागात गेलो होतो. काम द्राक्षबागेतलं, पण मालकाचा दोन एकर गहूही होता. गहू महिन्याचा झाला तेव्हा त्यात चाकवत, घोळ आणि हरळ माजली होती. मालकाने पाठीवरचा पंप दिला आणि औषध मारायला लावलं. त्याला फिनेलसारखा वास होता. दुसऱ्याच दिवशी चाकवताचे शेंडे पिळवटून खाली वळले आणि पंधरा दिवसांत झाडं वाळली. गव्हाला काही झालं नाही. पण हरळीलाही काही झालं नाही! शेजारच्या वावरात वेगळी पुडी मारली होती. तिथला चाकवत पिळवटला नाही. नुसता वाढायचा थांबला आणि पिवळा पडत पडत मेला. गहू तिथेही हिरवागार.

घरी येऊन आजीला सांगितलं तर ती म्हणाली, "खुरप्यामागे माणसाचे डोळे असतात. तुझ्या औषधाला कुठले डोळे?" मला उत्तर देता आलं नाही. औषधाला गहू ओळखू येतो तो कसा? हरळ का सुटली? आणि हेच औषध आमच्या नागलीत मारलं तर बेणणीचे कष्ट वाचतील का?

— एक वाचक, दाभोसा

उत्तर : आजींचं बरोबर आहे. औषधाला डोळे नसतात आणि गहू ओळखताही येत नाही. तुमच्या पंपातून उडालेले थेंब गव्हावरही पडले आणि चाकवतावरही. दोघांच्या पानांतून औषध आत शिरलं. फरक पडला तो त्यानंतर. गव्हाने ते पचवलं, चाकवताला पचवता आलं नाही. म्हणजे निवड झाली ती गव्हाच्या पेशींमध्ये. हे एक सूत्र हाती धरलं की तुमचे तिन्ही प्रश्न सुटत जातात. नागलीचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून तो शेवटी घेतो.

हरळ का सुटली?

हरळ सुटली कारण गहू स्वतःच एक गवत आहे. गहू, भात, नागली, वरई, ज्वारी, ऊस, बांबू आणि हरळ ही सारी एकाच तृणकुळातली मंडळी. चाकवत आणि घोळ रुंद पानांचे, त्यांची कुळं वेगळी. शेतकऱ्याच्या दृष्टीने गहू आपला आणि हरळ परकी. रसायनाच्या हिशेबात मात्र गहू आणि हरळ एका बाजूला, चाकवत आणि घोळ दुसऱ्या बाजूला. तुमच्या मालकाने मारलेलं औषध रुंद पानांवर चालणारं होतं. गव्हाबरोबर हरळीलाही फुकटचं अभय मिळालं. शिवाय हरळीची मुळं आणि कांड्या जमिनीखाली दूरवर पसरलेल्या असतात. वरची पाती करपली तरी खालून ती पुन्हा फुटते.

गवताची बांधणीही त्याच्या कामी येते. गाय कुरणात चरून गेली तरी गवत पुन्हा वर येतं, ते का? वाढीचा कोंब जमिनीलगत, पानांच्या घड्यांत दडलेला असतो म्हणून. महिन्याभराच्या गव्हाचंही तसंच असतं. चाकवताचा कोंब डोक्यावर, उघड्यावर. गव्हाचं पान अरुंद आणि उभं, त्यावरून बरेचसे थेंब घरंगळून जातात. रुंद, आडवं पान थेंब झेलून धरतं. पण हे झालं वरवरचं संरक्षण. खरा फरक आत आहे.

शेंडे का पिळवटले?

फिनेलसारखा वास, महिन्याचा गहू आणि दुसऱ्या दिवशी पिळवटलेले शेंडे, या तीन खुणांवरून ते औषध २,४-डी असणार. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटन आणि अमेरिकेत वेगवेगळ्या संशोधकांनी ते स्वतंत्रपणे शोधलं आणि युद्ध संपताच ते बाजारात आलं. पिकाला हात न लावता तण मारणाऱ्या आधुनिक औषधांची सुरुवात इथून झाली असं म्हणायला हरकत नाही.

वनस्पतीच्या अंगात ऑक्झिन नावाचं संप्रेरक असतं. पेशींनी कधी आणि किती वाढायचं, हा निरोप ते पोचवतं. निरोप पोचला की झाड त्या ऑक्झिनची विल्हेवाट लावतं, म्हणून वाढ प्रमाणात राहते. २,४-डी हे ऑक्झिनचं सोंग आहे. चाकवताला ते खरंच वाटतं, पण त्याची विल्हेवाट त्याला लावता येत नाही. मग 'वाढ, वाढ' हा निरोप अखंड चालू राहतो. देठाची एक बाजू दुसरीपेक्षा भराभर वाढते आणि देठ पिळवटतो. आतल्या अन्नपाण्याच्या नळ्या चेंगरतात. बेताल वाढीनेच झाड मरतं.

गहू हे सोंग ओळखत नाही, पण त्याच्याकडे ते मोडायची यंत्रणा आहे. त्याच्या पेशींतली विकरं २,४-डीच्या रेणूत किरकोळ फेरफार करतात, त्याला साखरेचा रेणू जोडतात आणि तो निकामी माल पेशीत बाजूला ठेवून देतात. आपलं यकृत औषधगोळ्यांचं जे करतं, साधारण तेच काम. इथेही विकरांचं मुख्य घराणं एकच, त्याला सायटोक्रोम पी-४५० म्हणतात. ते माणसाच्या यकृतातही आहे आणि गव्हाच्या पानातही.

मात्र गव्हाची ही पचनशक्ती सदासर्वकाळ सारखी नसते. फुटवे येण्याआधी, कोवळ्या वयात २,४-डी मारलं तर गव्हाचीही पाती कांद्याच्या पातीसारखी नळी होऊन येतात आणि पुढे ओंबी वेडीवाकडी निघते. उशिरा, कांडी धरल्यावर मारलं तरी दाणे भरण्यात खोट राहते. पेरणीनंतर ३० ते ३५ दिवसांनी मारा, असं जे सांगतात ते या दोन टोकांमधली खिंड गाठण्यासाठी. तुमच्या मालकाने वेळ बरोबर साधली होती.

तुम्ही द्राक्षबागेत कामाला होतात म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगतो. द्राक्षवेल २,४-डीच्या बाबतीत फार हळवी असते. वाऱ्याने उडून गेलेल्या बारीक तुषारांनीही तिची नवी पानं पंख्यासारखी दुमडून विचित्र आकाराची येतात. कापूस आणि टोमॅटोही असेच हळवे. ज्या पंपाने गव्हात २,४-डी मारलं तोच पंप नुसता विसळून बागेत नेला तर उरलेला अंशही नुकसान करू शकतो. म्हणून तणनाशकाचा पंप वेगळा ठेवतात.

शेजारच्या पुडीत काय होतं?

पिळवटणं नाही, नुसतं थांबणं आणि पिवळं पडणं, ही वेगळ्या जातीच्या औषधाची खूण. गव्हात आपल्याकडे मेटसल्फ्युरॉन मिथाईल बरंच वापरतात, ते असंच वागतं. त्याचं प्रमाण ऐकून तुम्ही चकित व्हाल. २० टक्के क्रियाशील घटक असलेली पावडर हेक्टरी २० ग्रॅम, म्हणजे प्रत्यक्ष औषध ४ ग्रॅम. चहात घालतो त्या चमचाभर साखरेएवढं औषध अडीच एकरांवर पसरायचं! २,४-डी हेक्टरी साधारण अर्धा किलो लागतं, म्हणजे याच्या सव्वाशे पट.

इतकं थोडं औषध पुरतं कारण ते नेमक्या जागी बसतं. वनस्पतींना प्रथिनं बनवायला व्हॅलिन, ल्युसिन आणि आयसोल्युसिन ही तीन अमिनो आम्लं लागतात. ती तयार करणाऱ्या साखळीतलं एक विकर हे औषध बंद पाडतं. कारखान्यात कच्चा माल यायचा थांबला की यंत्रं सुरू असूनही उत्पादन थांबतं, तशी तणाची वाढ काही तासांत थांबते. साठवणीतलं संपेपर्यंत ते उभं राहतं, म्हणून मरायला दोन-तीन आठवडे लागतात. नवखा शेतकरी चौथ्या दिवशी 'औषध लागलं नाही' म्हणून पुन्हा फवारतो, तो या थांबण्याकडे बघत नाही म्हणून.

गहू या औषधाचेही काही तासांतच तुकडे करतो. आणि आपल्या अंगात ते विकर मुळातच नाही. ही तीन अमिनो आम्लं माणसाला डाळ, धान्य, दूध, मांस यांतूनच मिळवावी लागतात. म्हणून हे औषध माणसाला तुलनेने कमी विषारी आहे. कमी विषारी म्हणजे निरुपद्रवी नव्हे. हातमोजे आणि तोंडावर फडकं याही पुडीला लागतंच.

या औषधाचं आणखी एक वागणं तुमच्या भागाशी जोडून बघण्यासारखं आहे. आम्लधर्मी मातीत ते लवकर विघटित होतं, तर चुनखडीच्या, विम्लधर्मी काळ्या जमिनीत जास्त दिवस टिकतं आणि पुढच्या हळव्या पिकाला त्रास देऊ शकतं. निफाडची काळी माती आणि जव्हारची तांबडी माती यांत एकच पुडी वेगवेगळी वागते. औषधाचा गुण नुसता डब्यावर लिहिलेला नसतो, तो जमिनीवरही ठरतो.

गवतातून गवत काढायचं असेल तर?

आता कोडं अवघड होतं. शत्रूच गवत असेल तर? पंजाब-हरियाणाच्या गव्हात गुल्लीडंडा आणि रानओट ही दोन गवतं माजतात. गुल्लीडंडा कोवळेपणी गव्हासारखा इतका दिसतो की अनुभवी माणूसही फसतो. बुडख्याशी तांबूस झाक दिसली की तो गुल्लीडंडा, ही तिकडची जुनी खूण. आपल्याकडे गव्हात रुंद पानांची तणंच जास्त असल्याने हा त्रास कमी आहे.

अशा गवतांसाठी क्लोडिनाफॉप नावाचं औषध निघालं. ते २,४-डीच्या बरोबर उलट वागतं. चरबीची आम्लं बनवणारं एक विकर गवतांमध्ये एका घडणीचं असतं आणि रुंद पानांच्या वनस्पतींमध्ये वेगळ्या घडणीचं. हे औषध गवतांच्या घडणीत अडकतं. चाकवत त्यात सुखरूप राहतो, रानओट मरतो. पण गहूही गवतच, मग तोही मरायला हवा. गव्हाला ते थोडंफार पचवता येतं, पण त्यावर विसंबणं धोक्याचं. म्हणून कंपन्यांनी त्याच औषधात दुसरं एक रसायन मिसळलं. ते तण मारत नाही. गव्हाची पचनयंत्रणा ते चेतवतं, म्हणजे औषध गव्हात शिरलं की भराभर मोडलं जातं. त्याला सुरक्षक म्हणतात. एकाच पाकिटात तणाला विष आणि गव्हाला उतारा!

आणि पाकिटातलं औषध मोडायची यंत्रणा गव्हाकडे नसेल तर? बांधावर मारतात त्या ग्लायफोसेटचं उदाहरण घ्या. ते गव्हाला पचत नाही, नागलीला पचत नाही, हरळीलाही पचत नाही. ते सगळ्यांनाच मारतं. दुकानात 'तणनाशक द्या' एवढंच सांगून आणलेल्या बाटलीने उभं पीक जाळल्याचे प्रकार घडतात ते यामुळेच. तणनाशक हे एका वस्तूचं नाव नाही. कोणत्या पिकातलं, कोणत्या तणासाठी आणि कोणत्या दिवशी, हे तीन प्रश्न सुटल्याशिवाय बाटलीचं झाकण उघडायचं नाही.

तणही पचवायला शिकतं

आजींना सांगायला आता एक गोष्ट. हरियाणात १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून गुल्लीडंड्यावर आयसोप्रोट्युरॉन हे औषध वापरात आलं. सुरुवातीला ते रामबाण ठरलं. भातामागून गहू, गव्हामागून भात असं पीक फिरत राहिलं आणि दर हिवाळ्यात तेच औषध. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला शेतकरी तक्रार करू लागले की औषध लागत नाही. प्रमाण वाढवलं तरी गुल्लीडंडा डुलतोच आहे. काहींनी उभा गहू कापून गुरांना घातला. संशोधकांनी तपासलं तेव्हा दिसलं की ज्या वाटेने गहू हे औषध मोडतो, त्याच वाटेने आता गुल्लीडंडाही ते मोडू लागला होता.

कसं झालं हे? कोट्यवधी रोपांत एखाद-दुसरं जात्याच जरा जास्त पचवणारं असतं. पहिल्या फवारणीत बाकीचे मेले, ते उरलं आणि त्याचं बी पडलं. दरवर्षी तेच औषध म्हणजे दरवर्षी तीच चाळणी. दहा-पंधरा वर्षांत शेतात उरले ते फक्त पचवणारे. पुढे दुसरी औषधं आली, क्लोडिनाफॉपही आलं. काही ठिकाणी गुल्लीडंड्याने त्यांनाही पचवलं.

म्हणजे खुरपंच बरं? थांबा, खुरप्यामागचे डोळेही फसवता येतात. रशियन शास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत दाखवून दिलं की राय हे धान्य मुळात गव्हाच्या शेतातलं तण होतं. हजारो वर्षं माणसं गव्हाहून वेगळी दिसणारी रोपं उपटत राहिली, आणि उरली ती गव्हासारखी दिसणारी. शेवटी तण इतकं गव्हासारखं झालं की थंड, हलक्या जमिनीत माणसाने त्याचंच पीक घ्यायला सुरुवात केली. आपल्या जवळचं उदाहरण भाताचं. आपण देवभात म्हणतो तो रानभात आणि लावलेलं भात ओळखू येईनात, म्हणून मध्य भारतात जांभळ्या पानांच्या भाताच्या जाती लावल्या गेल्या. जे हिरवं ते उपटायचं, असा सोपा हिशेब. पण दोघांचा संकर होत गेला आणि काही वर्षांत रानभातही जांभळा दिसू लागला.

डोळ्यांच्या चाळणीतून निसटतं ते तण पिकासारखं दिसू लागतं. औषधाच्या चाळणीतून निसटतं ते पिकासारखं पचवू लागतं. चाळणी कोणतीही असो, एकच एक वर्षानुवर्षं वापरली की तिच्या भोकांच्या मापाचं तण तयार होतं. म्हणून शहाणा शेतकरी चाळण्या बदलतो. पीक फिरवतो, औषधाचा गट बदलतो आणि मधूनमधून हातात खुरपं घेतो.

नागलीत मारू का?

आता तुमचा खरा प्रश्न. याचं सरळ उत्तर असं की गव्हाची पुडी नागलीत मारू नका.

पहिलं कारण पचनाचं. गवतं मारणारं क्लोडिनाफॉप नागलीत मारलं तर ती तणासारखीच मरेल. त्यातला सुरक्षक गव्हाची यंत्रणा चेतवण्यासाठी आहे, नागलीसाठी तो तपासलेला नाही. आणि नागलीचं मोठं दुखणं असतं ते तिच्याच गोतातलं गवत. नागली आणि रानातली तिची भाऊबंद गवतं कोवळेपणी हुबेहूब दिसतात. देठाचा चपटेपणा, पातीचा रंग, फुटव्याची ठेवण अशा बारीक खुणांवरून तुमच्याकडच्या बायका ती झरझर वेगळी काढतात. ज्यांचं कूळ इतकं जवळचं, त्यांची पचनशक्तीही बहुतेक सारखीच. अशा जोडीत एकाला मारून दुसऱ्याला राखणारं औषध काढणं रसायनशास्त्रालाही जड जातं. इथे आजींचे डोळे प्रयोगशाळेच्या पुढे आहेत, ही अतिशयोक्ती नव्हे.

दुसरं कारण शेजारपाजाऱ्यांचं. रुंद पानांवरचं औषध नागलीला कदाचित सोसेल, पण तुमच्याकडे नागली एकटी कुठे असते? कडेला उडीद, मध्ये तूर, वरच्या अंगाला खुरासणी. ही सगळी रुंद पानांची. शिवाय पावसाळ्यात शेतात आणि बांधावर उगवणारा कुरडू, टाकळा, माठ. कृषिशास्त्राच्या पुस्तकात ती तणं, तुमच्या घरी ती भाजी. गंमत बघा, निफाडला तुम्ही जो चाकवत मारलात, तोच नाशिकच्या मंडईत जुडीने विकत मिळतो आणि ताकातल्या पातळ भाजीसाठी लोक तो आवडीने नेतात. कोणती वनस्पती तण आणि कोणती नाही, हे वनस्पती ठरवत नाही. ते ती कुठे, कधी आणि कोणाच्या शेतात उगवली यावर ठरतं. औषधाला हा हिशेब कळत नाही.

तिसरं कारण पावसाचं आणि उताराचं. नागलीची बेणणी येते ऐन पावसाळ्यात. फवारणीनंतर पानावर औषध मुरायला काही तास कोरडे हवेत, आणि जव्हारच्या जुलै-ऑगस्टमध्ये ते मिळतीलच याची खात्री नाही. उताराच्या वरकस जमिनीवरून धुपून गेलेलं औषध ओहोळात आणि तिथून लेंडी नदीत जाणार. आज ज्या पाण्याचा धबधबा बघायला लोक दाभोशाला येतात, तेच पाणी खाली कोणीतरी पितं.

आणि चौथं, तुमच्याकडे जुनी तणनाशकं आहेतच, त्यांना आपण त्या नावाने ओळखत नाही इतकंच. राब भाजणं घ्या. शेण, पालापाचोळा, फांद्या पसरून रोपवाटिकेची जागा भाजतात, तेव्हा वरच्या थरातलं तणाचं बी उष्णतेने मरतं आणि राख खत म्हणून राहते. बाजारातलं उगवणीपूर्वीचं तणनाशक जे काम करतं, तेच हे. आवणी घ्या. वीस-पंचवीस दिवसांचं रोप चिखलात लावलं की त्याला नुकत्या उगवणाऱ्या तणापेक्षा तेवढ्या दिवसांची आघाडी मिळते, आणि भातखाचरात साठलेल्या पाण्याखाली बऱ्याच तणांचं बी रुजतच नाही. रोपं ओळीत लावली तर दोन ओळींत कोळपं फिरवता येतं आणि बेणणीचे बरेच दिवस वाचतात. नागलीतले कष्ट कमी करायचे असतील तर पहिला उपाय ओळीतली लावणी हाच आहे.

घरचा थोडा गहू असेल तर?

तुमच्याकडे गहू थोडाच. बंधाऱ्याच्या किंवा विहिरीच्या पाण्यावर कोणी दहा गुंठे करतं. त्यासाठी हिशेब मांडून दाखवतो. मेटसल्फ्युरॉनची एकरी पुडी ८ ग्रॅमची. दहा गुंठ्यांना तिचा चौथा भाग, म्हणजे २ ग्रॅम. घरात २ ग्रॅम मोजायचा काटा कोणाकडे असतो? अंदाजाने चिमूट टाकली आणि दुप्पट पडली तर गव्हाची पचनशक्तीही अपुरी पडते. उरलेली पुडी घरात, मुलांच्या हाताशी पडून राहते ती वेगळीच. एवढ्याशा गव्हाला खुरपं स्वस्तही पडतं आणि बिनचूकही.

मात्र वेळ गाठा. गव्हाची तणाशी खरी लढाई पहिल्या ३० ते ४० दिवसांतच ठरते. त्यानंतर गहू जमीन झाकतो आणि उशिरा आलेलं तण त्याचं फारसं बिघडवत नाही. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, तणाचं बी नसलेलं स्वच्छ बियाणं ओळीत पेरा. तीन आठवड्यांच्या सुमाराला गव्हाला मुकुटमुळं फुटतात, तेव्हाचं पाणी चुकवू नका. त्या पाण्यानंतर वाफसा आला की पहिली खुरपणी आणि पुढे दोन-तीन आठवड्यांनी दुसरी. फुलावर येण्याआधी उपटलेला चाकवत भाजीला घ्या. बी पडू दिलंत तर पुढची कित्येक वर्षं तो जमिनीतून उगवत राहील.

दोन-चार एकर गहू असेल आणि मजूर मिळत नसतील, तर औषध हा वाजवी मार्ग आहे. निफाडच्या शेतकऱ्याला मी नाव ठेवणार नाही. निफाडला गव्हाचं जुनं संशोधन केंद्र आहे, तिथल्या शिफारशी त्यांच्या जमिनीवर पारखलेल्या आहेत. तुम्हाला सल्ला हवा असेल तर डहाणू तालुक्यातलं कोसबाड हिलचं कृषी विज्ञान केंद्र तुमच्या जिल्ह्याचं आहे. नागली, वरई आणि भाताचे प्रश्न तिथे विचारा.

शेवटी एक गोष्ट, शेतकऱ्यापेक्षा मजुराला सांगायची. पंप तुमच्या पाठीवर होता, मालकाच्या नव्हे. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले. ती कीटकनाशकं होती, तणनाशकं नव्हती, पण धडा तोच. पुढच्या वेळी पंप उचलण्याआधी डब्यावरचं चौकोनी चित्र बघा. त्यातला रंग लाल असेल तर सर्वांत विषारी, मग पिवळा, मग निळा आणि हिरवा सर्वांत कमी. हातमोजे, मास्क, अंगभर कपडे आणि हातपाय धुवायला साबण-पाणी मालकाकडे मागा. वाऱ्याच्या विरुद्ध फवारू नका, गळका पंप घेऊ नका आणि रिकामा डबा पाण्याला वापरू नका. गव्हाला औषध पचवता येतं. आपल्याला येईलच असं नाही.

आजींना सांगा, त्यांचा प्रश्न नेमका होता. औषधाला डोळे नसतात, म्हणून ते वापरणाऱ्याने आपले उघडे ठेवायचे.